शेजारची खुर्ची

सकाळी मागच्या दाराशी हातगाडी लावून सारिनेमनं पालेभाजीची जुडी पालुपीच्या पिशवीत घातली, वर नेहमीसारखी मूठभर मिरची फुकट टाकली आणि गाडीचा दांडा उचलता उचलता म्हणाली, "पोटभर खाऊन घ्या, बू. उद्यापासून कामाला लागायचंय." पालुपी हसली. आज घरी शंभर माणसं जेवून जातील, उद्या भांड्यांचा ढीग पडेल, त्याबद्दलच बोलतेय बाई, असं तिला वाटलं. गाडी कोपऱ्यावर वळली. पालुपीनं नळाखाली भाजी धरली, पानांवरचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, आणि मग एकाएकी तिनं नळ बंद केला. सारिनेम भांड्यांबद्दल बोलतच नव्हती. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी भेटणारी ही बाई आज तिच्याकडे बघताना आवाज खाली आणून, लुराहशी बोलावं तशी बोलली होती. आणि लुराह तर आत, आरशासमोर, काळी टोपी डोक्यावर बसवत उभा होता.

लुराह म्हणजे गावाचा प्रमुख, आणि इथं मानानं पुरुषाला पाक, बाईला बू म्हणतात. पाक विनार्सो, पालुपीचा नवरा, दोनदा निवडून आलेला, आणि आज तिसऱ्यांदा येणार हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. आता वोनोकालांगला गाव म्हणायचं ते सवयीनं. जावातलं सोलो शहर केव्हाच भाताची खाचरं ओलांडून आत आलं होतं. बाह्यवळणाचा रस्ता, कापडगिरणी, चोवीस तास दिवे जळणारी दुकानं, आणि मधेमधे चुकून राहिल्यासारखी हिरवी शेतं. लुराहचं पद मात्र जुनंच होतं, आणि पदाबरोबर पगाराच्या बदल्यात मिळणारी शेतंही जुनीच. कायदा म्हणतो निवडणुकीला उमेदवार दोन तरी हवेत. दुसरा कुणी उभा राहिनासा झाला की मग नवरा स्वतःच्या बायकोलाच समोर उभी करतो. आसपासच्या पुष्कळ गावांत असं झालेलं. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. लोक हसतात, कायदा खूश होतो, आणि संध्याकाळी नवराबायको एकाच घरी जातात. तशी पालुपी उमेदवार झाली होती, नावापुरती. फोटो काढायला गेले तेव्हा विनार्सो फोटोवाल्याला म्हणाला होता, "हिला फार हसवू नका. हसली की बरी दिसते." फोटोवाला हसला होता, तीही हसली होती, आणि फोटो मात्र गंभीर आला होता.

शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. मांडवात चौथरा, चौथऱ्यावर दोन खुर्च्या. विनार्सोच्या खुर्चीमागे निशाणी म्हणून भाताच्या पिवळ्याधमक लोंब्या बांधलेल्या, पालुपीच्या मागे साबुकंदाची जुडी, मुळांना माती तशीच. मतदान संपेपर्यंत उमेदवारांनी तिथं बसायचं, बोलायचं नाही, कुणाला खुणावायचं नाही. लग्नातल्या नवरानवरीसारखं नटून नुसतं दिसायचं. अंबाड्यातल्या काट्यांनी तिची टाळू ठणकत होती. कमरेला घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्यामुळे श्वास वरच्या वरच राहत होता. समोरून माणसं रांगेनं येत होती, आणि ती एकच गोष्ट बघत होती, इच्छा नसताना बघत होती. पुरुष येत, विनार्सोकडे बघून मान झुकवत. बायका येत, आणि विनार्सोवरून नजर घसरवून तिच्याकडे बघत. हसत नव्हत्या. आजारी माणसाला बघायला आल्यावर बघतात ना, तसं थोडं थांबून, नीट बघत. मग निळ्या पडद्याआड जात. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि मुरता मुरता ते तिच्याच पायाशी येत होतं.

कालच संध्याकाळी अंगणात पुरुष पत्ते खेळत बसले होते. निवडणुकीच्या आदल्या रात्री आभाळातून एक उजेडाचा गोळा उतरतो, पुलुंग त्याचं नाव, आणि तो ज्याच्या छपरावर पडतो तो लुराह होतो, असं इथं मानतात. शेजारचा म्हातारा काकाट म्हणाला, "यंदा रात्रभर जागायची गरज नाही. पुलुंग कुठल्याही उमेदवारावर पडू दे, पडणार या एकाच कौलावर." सगळे खदाखदा हसले. विनार्सोही हसला, पण तिनं पाहिलं, हसून झाल्यावर त्यानं एकदा वर छपराकडे नजर टाकली. लहानपणापासून त्याला काही वाटून घ्यायला आवडायचं नाही. ताट, पंखा, उशीसुद्धा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं चुकून त्याच्या पेल्यातून पाणी प्यायलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पेला घरात नव्हता.

दुसरा उमेदवार नव्हता असंही नाही. शाळेतले मास्तर, पाक तेगुह, उभे राहणार होते. त्यांनी नाव दिलं, लोकांकडे जाऊन चहा पिऊ लागले, आणि एका सकाळी त्यांच्या तळ्यातले सगळे मासे पोटं वर करून तरंगताना सापडले. गाव गोळा झालं. विनार्सो सगळ्यांच्या आधी तिथं पोचला होता, विजार गुडघ्यापर्यंत वर ओढून पाण्यात उतरला आणि मेलेले मासे टोपल्यांत भरायला त्यानं स्वतः मदत केली. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "पाण्याचं काही सांगता येत नाही हो, मास्तर." घरी येऊन त्यानं साबणानं बराच वेळ हात धुतले आणि तळलेलं टेम्पे मागितलं, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. पालुपीनं तळून दिलं. विचारलं काहीच नाही. त्याच आठवड्यात मास्तरांनी प्रकृतीचं कारण सांगून नाव मागं घेतलं. तेव्हापासून तिला स्वयंपाकघरात मधूनच त्या तळ्याचा वास यायचा. खिडकी उघडली तरी जायचा नाही. कुणाला विचारावं, तर त्यांना येत नसे.

तिनं स्वतःचं मत सकाळीच दिलं होतं, चौथऱ्यावर चढण्याआधी. इथं मत म्हणजे खिळा. मतपत्रिकेवर दोघांचे फोटो, खाली स्पंजाचा तुकडा, आणि दोरीला बांधलेला लांब खिळा. ज्याला मत द्यायचं त्याच्या फोटोत भोक पाडायचं. मोजणीच्या वेळी एकेक मतपत्रिका उजेडाकडे धरतात, भोकातून उजेड दिसतो, मग नाव पुकारतात. यातली एक खुबी विनार्सोच्या माणसांनी पूर्वीच शोधलेली. ज्यांच्याकडून मताचं वचन घेतलं, त्यांना भोक कुठं पाडायचं तेही सांगायचं. बाजारातल्यांनी उजव्या खांद्यावर, गिरणीवाल्यांनी गळ्याच्या बटणावर. मोजणीला बसलं की कुणी वचन पाळलं ते भोकं बघून कळतं. रात्री अंथरुणात त्यानं तिलाही जागा दिली होती. घरात तो तिला दिक म्हणायचा, धाकट्या बहिणीला म्हणावं तसं. "दिक, तू टोपीवर पाड. बरोब्बर मधोमध. टोपी मी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही." त्यानं हे इतक्या लाडानं सांगितलं की तिला दागिना मिळाल्यासारखं वाटायला हवं होतं. पडद्याआड तिनं खिळा त्या काळ्या टोपीवर टेकवला. दाबवेना. खिळा तिनं उचलून स्वतःच्या फोटोवर नेला, न हसणाऱ्या त्या बाईच्या कपाळावर, आणि तिथंही तो खाली जाईना. बाहेर कुणीतरी खोकलं. तिनं खिळा दोरीला सोडून दिला, कोरी मतपत्रिका घडी घालून पेटीत टाकली, बोट शाईत बुडवलं आणि चौथऱ्यावर जाऊन बसली. एका कोऱ्या कागदानं कुणाचं काय बिघडणार, असं तिला तेव्हा वाटलं.

आता दुपार कलत होती आणि ती आठवायचा प्रयत्न करत होती की आपण कुणाला काय बोललो. मत तर तिनं कुणाकडेच मागितलं नव्हतं. भिंतींवर तिचे फोटोही विनार्सोनं फार लावू दिले नव्हते. मग या बायका अशा का बघतायत? रांगेत सारिनेम होती, हातात छत्री. तिच्यामागे झऱ्याकडच्या वस्तीतली वारसियेम, कडेवर नातू. झरा. आणि मग तिला आठवलं, इतकं स्पष्ट आठवलं की कढईतल्या तेलाचा चटका बोटाला पुन्हा बसला. पावसाळ्याआधी तिच्या घरी बायकांची भिशी होती. ती टेम्पे तळत होती. पुढच्या खोलीत झऱ्याकडच्या शेताची चर्चा चाललेली. ते शेत लुराहच्या पदाचं, पण खपतात तिथं या बायका. लावणी त्यांची, कापणी त्यांची, कापणीनंतर खाली पडलेल्या लोंब्या वेचायचा हक्कही त्यांचाच. शेताच्या डोक्याशी झरा, त्याचं पाणी अर्धी वस्ती पिते, आणि गावातल्या प्रत्येक नवरीला लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच पाण्यानं न्हाऊ घालतात. ते शेत एका घरबांधणी कंपनीला द्यायचं आणि बदल्यात लांब कुठंतरी दुसरी जमीन घ्यायची, असं विनार्सोनं जमवत आणलं होतं. वारसियेमनं स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून विचारलं होतं, "बू, झऱ्याकडचं शेत खरंच जाणार का हो?" आणि कढईतून मान वर न करता ती म्हणाली होती, "माझ्या हातात असतं तर मी नसतं दिलं."

एवढंच. दुखवट्याला गेल्यावर आपण चार शब्द बोलतो, तसं विषय संपवायला बोलून गेलेली. तळलेलं टेम्पे बाहेर नेईपर्यंत ती विसरलीही होती. बायका विसरल्या नव्हत्या. मग मास्तरांचे मासे मेले, कायद्याला दुसरा उमेदवार हवा झाला, आणि विनार्सोनं स्वतःच्याच हातानं बायकोला त्या खुर्चीवर आणून बसवलं. तिच्या हातात नव्हतं, ते त्यानंच तिच्या हातात देऊ केलं. बायकांनी कुठं बसून ठरवलं असेल? नदीवर, भिशीत, की सारिनेमच्या गाडीभोवती भाजी निवडत? तिच्या घराच्या मागच्या दाराशी रोज तीच गाडी उभी राहायची, आणि या साऱ्यातलं अक्षरही तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला राग आला. मला न विचारता, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच वाटलं की आयुष्यात तिला विचारून असं झालंय तरी काय.

तिनं मान न वळवता विनार्सोकडे पाहिलं. तो ताठ बसला होता, प्रसन्न. मैदानाच्या कडेला आंब्याखाली कंपनीचा माणूस हेंद्रो उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली, आणि तो लग्नघरी आलेल्या व्याह्यासारखा सगळ्यांकडे बघून हसत होता.

मोजणी सुरू झाली तेव्हा मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही. पेटी उपडी केली. मोजणारा तरुण कारकून एकेक मतपत्रिका उलगडून डोक्यावर धरायचा, मागून उतरतं ऊन यायचं, आणि कागदात एक बारीक ठिणगी दिसायची. "भात! मान्य!" तो ओरडायचा, किंवा "साबुकंद! मान्य!" आणि लोक हो म्हणायचे. सुरुवातीला भात, भात, भात. खांदा, बटण, पुन्हा खांदा. विनार्सोचे ओठ हलके हलत होते. तो भोकं वाचत होता. पालुपीचा जीव थोडा भांड्यात पडला. सुटले, असं तिला वाटलं, आणि त्या सुटकेबरोबरच थोडा हिरमोडही झाला, तो कशाचा ते तिनं बघितलं नाही. मग साबुकंद. पुन्हा साबुकंद. मग बराच वेळ दुसरं काही नाहीच. तिच्या फोटोतून ऊन येत होतं. गालातून, डोळ्यातून, हनुवटीतून, ज्या बाईला जिथं सुचलं तिथून. तिला कुणीच जागा नेमून दिलेली नव्हती. प्रत्येक वेळी कारकुनाचा हात वर गेला की तिला तो खिळा लागायचा, खोटं नाही, खरंच लागायचा, आणि ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. लोक आता हो म्हणताना हसत नव्हते. नुसतं "हो" येत होतं, जाड, एका सुरात. आंब्याखाली हेंद्रोनं बाटलीचं झाकण लावलं.

शेवटच्या गठ्ठ्यात कारकुनानं एक मतपत्रिका उचलली, उजेडाकडे धरली आणि थांबला. उलटी केली. पुन्हा धरली. कागद नुसताच उन्हानं पिवळा झाला, ठिणगी कुठंच नाही. "कोरी," तो म्हणाला, पहिल्यांदाच ओरडल्याशिवाय. "बाद." गर्दीत कुणीतरी म्हणालं, "एवढ्या उन्हात रांगेत उभं राहून कोरी टाकली? आहे कोण हा शहाणा?" थोडा हशा झाला. विनार्सो हसला नाही. सकाळपासून तो पहिल्यांदाच खुर्चीत वळला आणि त्यानं बायकोकडे पाहिलं. रागानं नाही. पेला कुठं ठेवलाय हे आठवत नसलेला माणूस कपाटाकडे बघतो, तसं. टोपीवर भोक असलेली मतपत्रिका अजून निघाली नव्हती. उरलेल्या मूठभर कागदांतूनही निघाली नाही, आणि तिला ते आधीच माहीत होतं, आणि आता त्यालाही माहीत होतं.

ती जिंकली. किती मतांनी ते तिनं ऐकलंच नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आधी. एक बाई रडायला लागली, मग एकदम गलका झाला. विनार्सो उठला, त्यानं तिचा हात धरून वर उचलला, फोटोवाल्यांकडे हसून पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाला, "काय फरक पडतो, मंडळी? घर तेच." लोक हसले, सुटल्यासारखे. त्याचा पंजा तिच्या मनगटाभोवती होता आणि बांगडी आत, हाडात रुतत होती. ओठ न हलवता तो म्हणाला, "टोपी शेवटपर्यंत शाबूत राहिली, दिक." मग त्यानं तो हात हलवला, उजवीकडे, डावीकडे, जणू तो तिचा हात हलवत नसून झेंडा हलवत होता.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. लुराहच्या घराचं पुढचं दार कधी लागत नाही. रात्री झोपतानाही नुसतं लोटून घेतात. लग्न होऊन आली तेव्हा विनार्सोचे वडील लुराह होते, तेव्हापासून तिनं त्या दाराची कडी पाहिलेली नव्हती. आज अंगणात माणसं बसली होती, पण सकाळपेक्षा कमी, आणि आवाज खाली ठेवून बोलत होती. विनार्सो हेंद्रोला घेऊन बैठकीत बसला. "बू लुराह," त्यानं हाक मारली, आणि त्या दोन शब्दांत इतका गोडवा ओतला की काकाट म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "पाहुण्यांना चहा आणा."

ती वळली आणि जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात शिरली. तिथं तिला दार लावून घेऊन जमिनीवर बसायचं होतं, बस. पण स्वयंपाकघर भरलेलं होतं. मागच्या दारानं बायका आल्या होत्या. वारसियेम कांदे सोलत होती, कुणी पेले पुसत होतं, आणि सारिनेमनं किटली चुलीवरून उतरवून फडक्यात धरली होती. मोगऱ्याच्या चहाचा वास होता, आणि त्याखाली, पुसट, तळ्याचा. "तुम्ही बाहेर बसा, बू," सारिनेम म्हणाली. "चहा आम्ही आणतो."

"मला जरा बसू दे इथं, यू," पालुपी म्हणाली, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं.

"इथं आता तुमची जागा नाही." तिनं ते मायेनंच म्हटलं. मग पेले मांडता मांडता, वर न बघता, "एक मत कोरं निघालं म्हणे. कुणाचं असेल?"

कांदा सोलणारी सुरी थांबली होती. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, सकाळी रांगेतून बघत होत्या तशाच, आणि आता तिला त्या नजरेचा अर्थ कळला. त्या तिची भीती बघत नव्हत्या. त्यांना स्वतःला भीती वाटत होती. खिळा त्यांचा टोचून झाला होता, तो परत काढता येण्यासारखा नव्हता. उद्या कुणाच्या तळ्यात काय तरंगेल ते या बाईच्या एका शब्दावर होतं, आणि या बाईनं तर कोरा कागद टाकला होता. पालुपीला आपल्या अंगाची लाज वाटली, त्या रेशमी कपड्यांची, त्या अंबाड्याची. ती वळून बाहेर गेली आणि विनार्सोच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

विनार्सोनं टोपी काढली होती. ती गुडघ्यावर ठेवून तो बोटांनी सावकाश फिरवत होता, मखमलीवर काहीतरी शोधत असल्यासारखा. हेंद्रो पुढे वाकला. "बू, अभिनंदन. आमची माणसं सोमवारी येतील झऱ्याकडे, मोजणीला. पाक म्हणाले, तुमची काही हरकत नसणार."

"तिची कसली हरकत," विनार्सो म्हणाला. "तिला शेतातलं काय कळतंय. हो म्हण, दिक, म्हणजे हे मोकळे होतील."

आत चुलीवर काहीतरी शिजत होतं, ते कुणीतरी उतरवलं. अंगणातली माणसं बैठकीकडे वळून बघू लागली. पालुपीनं आपल्या बोटाकडे पाहिलं. शाई अजून ओली असल्यासारखी जांभळी चकाकत होती. कढईतून मान वर न करता जे बोललो होतो ते आता मान वर करून बोलायचं, एवढंच तर होतं. ते एवढंच तिच्यानं होईना. मग झालं. तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, बारीक, थोडा चिरका.

"ते शेत जाणार नाही. मोजायला कुणी येऊ नये."

हेंद्रोनं तिच्याकडे बघितलंच नाही. त्यानं विनार्सोकडे बघितलं, बाटली उचलली, आणि चहाची वाट न बघता अंगणातून निघून गेला. त्याच्या मागोमाग एकेक माणूस उठला. काकाट म्हातारा सगळ्यांत शेवटी, पायरीशी घुटमळून गेला. अंगण रिकामं झालं तरी विनार्सो हसतच होता. त्यानं टोपी नीट डोक्यावर बसवली, उठला, पुढच्या दाराशी गेला, दार लोटलं, आणि चौकटीच्या वर चाचपून, इतक्या वर्षांत कुणी न लावलेली कडी खाली ओढली. ती गंजली होती, त्याला जोर लावावा लागला.

पालुपी उठली नाही. स्वयंपाकघराकडच्या दारात सारिनेम उभी होती, हातात वाफाळती किटली, आणि तिच्यामागे बाकीच्या; एकहीजण मागच्या दाराकडे वळली नव्हती.